पहाटे साडेपाच ते सात : मतदान केंद्राच्या तयारीविषयी प्रश्नोत्तरे

महसूल खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी निवडणूक जाहीर झाली की शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींची पत्रे माझ्याकडे येऊ लागतात. गोंधळ दर वेळी तोच असतो, कारण प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्यांपैकी निम्मे लोक मोबाईल पाहत असतात. या वेळी आलेल्या प्रश्नांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका गृहीत धरून उत्तरे दिली आहेत.

मतदान सकाळी ७ वाजता सुरू होणार असेल, तर केंद्रावर नेमके किती वाजता तयार असावे? (माध्यमिक शिक्षक, चोपडा)

अभिरूप मतदान, म्हणजे आपण ज्याला मॉक पोल म्हणतो ते यंत्राच्या तपासणीसाठीचे चाचणी मतदान, मतदानाच्या वेळेआधी ९० मिनिटे, म्हणजे साडेपाचला सुरू झाले पाहिजे. उठण्याची वेळ त्यावरून आपणच ठरवावी.

आमच्या पाड्यावरील शाळेत विजेचा भरवसा नाही. यंत्रे बंद पडली तर काय करावे? (ग्रामसेवक, धडगाव)

यंत्रे बॅटरीवर चालतात, त्यांना भिंतीतल्या विजेची गरज नसते. उजेड मात्र माणसांना लागतो, म्हणून कंदील किंवा चार्जिंगच्या दिव्याची सोय आदल्या दिवशीच तलाठ्यांना सांगून करून घ्यावी. तो दिवा व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, नेमका डोक्यावर टांगू नये, कारण त्या यंत्रावर थेट प्रखर प्रकाश पडलेला चालत नाही.

मतदान कक्ष कोठे मांडावा? आमच्या खोलीला दोन दारे व तीन खिडक्या आहेत. (शिक्षिका, रावेर)

बॅलेट युनिट (मतदार ज्याचे बटण दाबतो ते यंत्र) आणि व्हीव्हीपॅट ज्या आडोशात ठेवतात, त्याची लांबी-रुंदी प्रत्येकी २४ इंच आणि उंची ३० इंच असते. तो खिडकी किंवा दाराजवळ मांडू नये, कारण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मतदाराचा हात कोणत्या बटणाकडे गेला हे दिसले, तर मतदानाची गुप्तता तेथेच संपते. खिडकी टाळता येत नसेल तर ती बंद करून जाड कागदाने झाकावी. दोन दारांचा उपयोग मात्र चांगला होतो: एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. केबल पायात येणार नाही अशी मांडावी आणि कंट्रोल युनिट, म्हणजे मते साठवणारे यंत्र, मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावे. खोली फारच अडचणीची असेल तर स्वतःच्या मर्जीने बाजूच्या खोलीत जाऊ नये. केंद्राची जागा बदलण्याचा अधिकार केंद्राध्यक्षाला नसतो, म्हणून आदल्या दिवशी पोहोचल्याबरोबर क्षेत्रीय अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्यासारख्या काही केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, कळवावे.

एक सहकारी म्हणाले की मॉक पोलचे प्रमाणपत्र रात्रीच भरून ठेवले तर सकाळी धावपळ होत नाही, आणि ५० मते टाकून झाल्यावर यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ती आपोआप पुसली जातात. हे खरे का? (प्रथमच केंद्राध्यक्ष झालेले शिक्षक, अमळनेर)

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि पहिली तर गंभीर आहे. न घडलेल्या गोष्टीचे प्रमाणपत्र भरणे याला मराठीत काय म्हणतात ते शिक्षकाला मी सांगायला नको. या सहकाऱ्यांनी आजवर किती केंद्रे अशी चालवली असतील, या विचाराने मला अस्वस्थ वाटते.

आता दुसऱ्या गोष्टीविषयी. यंत्र बंद केल्याने मते पुसली जात नाहीत आणि ती तशी जाऊही नयेत, कारण मतदान चालू असताना यंत्र बंद पडले तर आधी पडलेली मते सुरक्षित राहिली पाहिजेत, याचसाठी ते तसे बनवलेले आहे. मॉक पोलमध्ये किमान ५० मते टाकायची, प्रत्येक उमेदवाराला व नोटालाही मत पडलेच पाहिजे, आणि कोणाला किती टाकली याची कागदावर नोंद ठेवायची. त्यानंतर कंट्रोल युनिटवरील बटणे दाबायची: क्लोज, मग रिझल्ट, मग क्लिअर, हा क्रम आहे. रिझल्ट आल्यावर तो कागदावरील नोंदीशी आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून त्यांच्याशी जुळवायचा. क्लिअर केल्यावर टोटलचे बटण दाबून शून्य आल्याचे उमेदवारांच्या उपस्थित प्रतिनिधींना प्रत्यक्ष दाखवायचे. "शून्य आले बरं का," असे लांबून सांगणे म्हणजे दाखवणे नव्हे.

येथे निम्मे केंद्राध्यक्ष थांबतात, आणि माझी चिंता येथूनच सुरू होते. व्हीव्हीपॅटच्या पेटीत मॉक पोलच्या चिठ्ठ्या तशाच पडलेल्या असतात. त्या बाहेर काढायच्या, प्रत्येकीच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या जाड कागदाच्या पाकिटात घालून पाकीट मोहोरबंद करायचे, त्यावर केंद्राचे नाव, क्रमांक व तारीख लिहून आपली आणि प्रतिनिधींची सही घ्यायची, ते पाकीट त्यासाठीच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून डबीवर गुलाबी पेपर सील लावायचे आणि रिकामी पेटी प्रतिनिधींना दाखवायची. त्यानंतरच कंट्रोल युनिट बंद करून हिरवे पेपर सील, स्पेशल टॅग व स्ट्रिप सील लावायचे. प्रमाणपत्राची जागा या सगळ्यानंतर येते.

हे का विसरले जाते, तेही मला ठाऊक आहे. सहा-चाळीस झालेले असतात, दाराशी रांग लागलेली असते, कोणीतरी चहा घेऊन आत येते आणि एखादा प्रतिनिधी "साहेब, सुरू करा ना" म्हणत असतो. मी क्षेत्रीय अधिकारी असताना एका केंद्रावरून सकाळी साडेनऊला दूरध्वनी आला: नोंदवही १७ अ मधील मतदारांपेक्षा यंत्रावरील एकूण मते बरोबर ५० ने जास्त! केंद्राध्यक्ष रडवेले झाले होते. मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना तत्काळ कळवले, त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते. अशा केंद्राचे यंत्र मतमोजणीच्या वेळी बाजूला ठेवले जाते. विजयी आघाडी अशा केंद्रांवर झालेल्या एकूण मतदानाइतकी किंवा त्याहून कमी असेल, तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्याची वेळ येते. पेटीत मॉक पोलच्याही चिठ्ठ्या राहिल्या असतील तर त्या मोजणाऱ्यांचे काय हाल होतील, याची कल्पना आपणच करावी.

म्हणून पहिल्या तासातच एकदा टोटल दाबून तो आकडा नोंदवहीतील शेवटच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तफावत दिसली तर स्वतः उपाय शोधू नये, प्रथम क्षेत्रीय अधिकाऱ्यांना कळवावे.

मी एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी आहे. साडेसहाला पोहोचलो तर मॉक पोल पुन्हा घ्या असे म्हणू शकतो का? (साक्री)

नाही. किमान दोन उमेदवारांचे प्रतिनिधी आलेले नसतील तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटे वाट पाहतात आणि नंतर काम सुरू करतात. एका माणसासाठी सगळ्या गावाची रांग खोळंबून ठेवता येत नाही. मात्र नमुना १० मधील नियुक्तिपत्र दाखवून आपण आत बसू शकता आणि सील लावणे बाकी असेल तर हिरव्या सीलचा क्रमांक लिहून घेऊन त्यावर सहीही करू शकता. ते करावेच, कारण मतमोजणीच्या दिवशी हाच क्रमांक उपयोगी पडतो.

मॉक पोलमध्येच एखादे यंत्र बिघडले तर? (तलाठी, शहादा)

त्या टप्प्यावर जे बिघडले तेवढेच बदलतात. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर कंट्रोल युनिट किंवा बॅलेट युनिट बिघडले तर पूर्ण संच बदलतो आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला व नोटाला एकेक मत टाकून पुन्हा तपासणी होते. फक्त व्हीव्हीपॅट बिघडला तर फक्त तोच बदलतो. राखीव यंत्रे क्षेत्रीय अधिकाऱ्यांकडे असतात. अक्कलकुव्यात नर्मदाकाठी होडीने जाणाऱ्या पथकांनी राखीव यंत्र कोणाकडे व कोठे असेल हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण तेथे "आत्ता येतो" याचा अर्थ दुपार असा होऊ शकतो.

बाजारात केंद्राध्यक्षांसाठी सर्व नमुने आधीच भरलेली एक पुस्तिका विकत मिळते. घ्यावी का? (धुळे)

घेऊ नये. आपल्याला लागणारा प्रत्येक नमुना साहित्य वाटपाच्या दिवशी पिशवीत मिळतो, तोही मोफत. दुसऱ्याच निवडणुकीचे आकडे व क्रमांक छापलेली पुस्तिका पाहून भरलेले नमुने मी तपासलेले आहेत. विक्रेत्याचे पैसे त्याला मिळाले, खुलासा मात्र शिक्षकाला द्यावा लागला. शंका असेल तर आयोगाची हस्तपुस्तिका उघडावी.

शाळेच्या भिंतीवर एका पक्षाचे चिन्ह जुन्या रंगात आहे, आणि समोरच त्या पक्षाचे टेबल लागते. (मुख्याध्यापक, पाचोरा)

भिंतीवरील चिन्ह झाकून किंवा पुसून टाकावे लागेल. त्यासाठी ग्रामपंचायतीला आजच सांगावे, सकाळी सहाला चुना मिळत नाही. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करणे हा गुन्हा आहे आणि उमेदवाराचे टेबलही १०० मीटरच्या बाहेरच हवे (२०२५ पूर्वी त्यासाठी २०० मीटरची अट होती). अंतर पावलांनी मोजू नये, टेप लावून चुन्याची रेघ मारून घ्यावी. वाद झाला तर आपण स्वतः हुज्जत घालू नये, पोलीस व क्षेत्रीय अधिकाऱ्यांना बोलवावे.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही हेच सगळे लागू आहे का? (जामनेर)

नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याची यंत्रे व सूचना वेगळ्या आहेत. तहसील कार्यालयात विचारावे.

शाईची बाटली सारखी कलंडते. काही उपाय? (नवापूर)

वाटीत वाळू घ्यावी आणि बाटली तिच्यात रोवून ठेवावी. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला, नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ ओढून लावावी. तर्जनीच नसलेला मतदार आला तर कोणत्या बोटाला लावायची, ते हस्तपुस्तिकेत दिलेले आहे. ते रात्रीच वाचून ठेवावे.