प्राथमिक शिक्षकांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचं नियोजन कसं करावं?

तुम्ही विचारलंय की पहिली ते चौथीच्या 12 शिक्षकांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण कसं आखायचं, विषय कोणते घ्यायचे आणि व्याख्याते कुठून आणायचे.

व्याख्याते आणूच नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

मी कुर्ल्यात 22 वर्षं तिसरी-चौथी शिकवते आहे. एका वर्षी आम्हाला पाच दिवस एका सभागृहात बसवलं होतं. पडद्यावर जे लिहिलं होतं तेच समोरचे गृहस्थ वाचून दाखवत होते. तिसऱ्या दिवशी मी उठून विचारलं, ‘‘सर, माझ्या वर्गात 52 वजा 27 चं उत्तर निम्मी मुलं 35 लिहितात. हातच्याची वजाबाकी तीनदा शिकवून झाली. काय करू?’’ ते म्हणाले, ‘‘मॅडम, हा मुद्दा पुढच्या सत्रात घेऊ.’’ ते सत्र आलंच नाही. पाचव्या दिवशी सह्या झाल्या, प्रमाणपत्रं मिळाली.

सोमवारी मी वर्गातल्या 41 वह्या पिशवीत भरून शिक्षकखोलीत आणल्या. दुसरीच्या बाई आणि चौथीचे सर मधल्या सुट्टीत माझ्यासोबत बसले. 16 वह्यांत 35 होतं. आम्ही एका मुलाला बोलावलं आणि म्हटलं, कसं केलंस ते सांग बघू. तो बोट ठेवून म्हणाला, ‘‘दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन घेतले, पाच. मग पाचातून दोन, तीन.’’ दुसरीच्या बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘अगं, हे तर मीच शिकवते. मोठ्यातून लहान जातं, हे मी वर्षभर घोकून घेते.’’

पाच दिवसांत जे कळलं नाही ते वीस मिनिटांत कळलं. बाईंनी ते वाक्य सोडलं. मी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले आणि एक गठ्ठा मुलांच्या हातानेच सुटा करायला लावला. महिन्याभरात त्या 16 पैकी 3 वह्या उरल्या.

म्हणून सांगते, विषय तुम्ही ठरवू नका, वह्यांना ठरवू द्या. एकोणसाठ सांगितलं की 69 लिहिणारी मुलं तुमच्याकडेही असतील. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी ‘साठ तीन’ अशी संख्या वाचायची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला! ‘एकोणसाठ’ ऐकून मूल 69 का लिहितं, यावर मात्र कोणी बोलायला तयार नव्हतं. अशा एका चुकीवर दोन बैठका सहज जातात.

तासांचं म्हणाल तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांची अपेक्षा आहे, आणि तेही त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार. हे दुसरं वाक्य सगळे विसरतात. दर पंधरा दिवसांनी शनिवारी शाळा सुटली की दीड तास बसा. वर्षात 20 बैठका धरा, 30 तास झाले. उरलेले 20 ज्याचे त्याला निवडू द्या, दीक्षा या सरकारी ॲपवरचा अभ्यासक्रम असो की शेजारच्या शाळेत जाऊन पाहिलेला तास. इतर दिवशी संध्याकाळी मात्र कोणाला थांबवू नका. बदलापूर-विरारला जाणाऱ्या बाईंचं लक्ष घड्याळाकडेच राहणार.

आमचं पुढे काय झालं तेही सांगते. आम्ही वर्षभर असे बसलो आणि शेवटी मोठ्या बाईंकडे गेलो, की हे प्रशिक्षणात धरा. त्या म्हणाल्या, ‘‘प्रमाणपत्र कुठाय? ही तुमची गप्पांची बैठक.’’ ते मला अजून लागतं. सभागृहात डुलक्या काढलेले पाच दिवस प्रशिक्षण, आणि मुलाच्या चुकीचं मूळ सापडलं ती गप्पांची बैठक?

एक मान्य करते, सगळंच आपल्या आपण जमत नाही. एखादं मूल अक्षरं सतत उलटी लिहीत असेल किंवा घरी भोजपुरी बोलून मराठी शाळेत आलं असेल, तर त्यातलं जाणणारं माणूस बोलवावंच लागतं. पण आधी वह्या बघा, प्रश्न हातात घ्या, मग बोलवा. आणि ज्या वर्षी निम्मे शिक्षक बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला जातील त्या वर्षी 20 बैठका होणार नाहीत. 12 झाल्या तरी सोडू नका.

पहिल्या दिवसापासून एक जाड वही ठेवा. तारीख, इयत्ता, कोणती चूक सापडली, कोणी काय करून पाहिलं, महिन्याने किती वह्यांत उरली. उपस्थितांच्या सह्याही घ्या. आम्ही हे केलं नव्हतं. तुमच्याकडे कोणी प्रमाणपत्र मागितलं तर ती वही त्यांच्या टेबलावर ठेवा.