गुलमंडीवर घडणाऱ्या विनोदी लघुपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते का?

होय, आपला बावीस मिनिटांचा लघुपट छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यगृहात तिकीट लावून दाखवायचा असेल, तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. कारण सिनेमॅटोग्राफ अधिनियम, 1952 सार्वजनिक प्रदर्शनाला लागू होतो आणि त्यात लांबी, खर्च किंवा निर्मात्याचे नाव यांवरून सूट मिळत नाही. आमच्या लघुपटासाठी ही प्रक्रिया मी स्वतः पूर्ण केली आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपण लिहिल्याप्रमाणे ऐन गुलमंडीच्या बाजारपेठेत वरातीच्या घोड्यासमोर म्हैस ठाण मांडून बसते, हा प्रसंगच कथेचा प्राण आहे; पण चित्रीकरणासाठी जनावरे मुद्दाम आणली असतील, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वीच घ्यावी लागते. तो कागद नसेल, तर नेमका तोच प्रसंग कापण्याची पाळी येते, आणि इतका सुरेख प्रसंग गमावू नये असे मनापासून वाटते. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. लघुपट केवळ यूट्यूबवर टाकायचा असल्यास मात्र हे प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपट महोत्सवासाठीही माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळू शकते, ती सहसा आयोजकच मागतात.