रोप वाळलं, पाटी राहिली

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि पर्यावरण

(उत्तरं देणाऱ्या बाई निवृत्त विज्ञान शिक्षिका आहेत. शाळेतल्या हरित सेनेचं काम त्यांनी बरीच वर्षं पाहिलं.)

प्रश्न : बाई, यंदा राष्ट्रीय हरित सेना माझ्या गळ्यात पडली आहे. मी मराठी शिकवते, विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. 40 मुलं आहेत, पैसे जवळजवळ नाहीत. जूनमध्ये वृक्षारोपण, सप्टेंबरात ओझोन दिनाची रांगोळी आणि मग उरलेले दिन, असं आधीच्या सरांनी सांगितलं. वर्षभराचा आराखडा द्याल का?
— एक शिक्षिका

उत्तर : मराठी शिकवता हे उत्तमच झालं, ते का ते पुढे सांगते.

केंद्र सरकारने 2001-02 मध्ये ही योजना आणली तेव्हा कल्पना साधी होती. शाळेतल्या तीस ते पन्नास मुलांचा एक गट करायचा आणि एका शिक्षकाने त्या गटाला आसपासचा परिसर दाखवायचा. आपल्या राज्यात सामाजिक वनीकरण विभाग हे काम पाहतो. पुढे त्यात दिन घुसले, दिनांमागून फोटो आले, फोटोंमागून अहवाल. मीही तेच केलं. पहिल्या वर्षी आम्ही 100 रोपं लावली. पाहुणे आले, नारळ फुटला. प्रत्येक रोपाशेजारी ते लावणाऱ्या मुलाच्या नावाची पत्र्याची पाटी रोवायची, ही कल्पना माझीच, आणि मला तिचा केवढा अभिमान होता! मार्चअखेर 11 रोपं उरली. पाट्या मात्र शंभरच्या शंभर. एक दिवस मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, माझी पाटी काढू का? सगळे म्हणतात तुझं झाड मेलं."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि शिपाईमामांनी सगळ्या पाट्या उपटल्या. 2024 च्या पर्यावरण दिनापासून आईच्या नावाने झाड लावायची मोहीम सुरू आहे. भावना चांगली आहे, पण आईच्या नावाचं रोप वाळलं तर त्या पोराला काय वाटेल, हे खड्डा खणायच्या आधी मनात आणा.

तर आराखडा असा : 40 मुलांत रोपं फार तर 10. चौघांत एक. दुसऱ्या वर्षी नवीन रोप लावायचं नाही, आधीचीच जगवायची. आणि रोपांपेक्षाही मोठं काम म्हणजे शाळेत किंवा येण्याच्या वाटेवर आधीपासून उभी असलेली मोठी झाडं. प्रत्येक गटाने एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, त्याची हजेरी घ्यायची. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, यांतलं प्रत्येक 'नाही', 'थोडं' की 'पुष्कळ', एवढंच लिहायचं. देशभरातल्या शाळा 'सीझनवॉच' या उपक्रमात अशाच नोंदी करतात, तुम्हीही त्यात सामील होऊ शकता. नाहीतर एक शंभर पानी वही पुरते.

सुरुवातीचा महिना कंटाळवाणा जातो, हे आधीच सांगून ठेवते. आंबा म्हणजे आंबाच, त्यात बघायचं काय, असं मुलं म्हणतात. मग एखाद्या सोमवारी कोणीतरी धावत येतं, की बाई, काटेसावरीची पानं सगळी गेली आणि कळ्या आल्या. पांगारा, पळस, बहावा यांच्या पाळ्या कशा एकामागून एक लागतात हे माझ्या मुलांना पाठ्यपुस्तकातून कळलं नाही, वहीतून कळलं. एका वर्षी आमच्या बहाव्याला ऑक्टोबरात चार घोस आले. ते 'थोडं' लिहायचं की 'पुष्कळ', यावर दोन गटांत असं भांडण झालं की मला घंटा वाजवावी लागली. आणि तुमचं मराठी इथेच लागतं. कोवळ्या पानाचा रंग पोपटी की तांबूस? फूल गळालं, सुकलं की किड्याने पाडलं? शब्द नसेल तर मुलाला ते दिसतच नाही. मी विज्ञानाची, माझ्याकडे 'पर्णहरित' होतं, 'तांबूस' नव्हतं.

दिन साजरे करायचेच असतील तर एखादाच धरा. नोव्हेंबरात 5 ते 12 आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 सालिम अलींच्या. त्या आठवड्यात परिपाठानंतर रोज 15 मिनिटं पक्षी मोजा. रांगोळी नको.

प्रश्न : मुलाच्या शाळेने पावसाळ्यात 500 बीजगोळे करवून घेतले आणि सहलीत पठारावर फेकले. घरी मातीचा राडा झाला त्याचं काही नाही, पण यातून झाडं येतात का?
— एक पालक

उत्तर : क्वचित येतात. जपानचे शेतकरी मासानोबू फुकुओका यांनी मातीच्या गोळ्यांत बी घालायची पद्धत शेतात वापरली. पक्ष्यांनी, उंदरांनी पेरलेलं बी खाऊ नये म्हणून. ते आपल्या शेतात रोज जात होते. आपण फेकतो आणि बसमध्ये बसतो.

मला जास्त काळजी 'पठारावर' या शब्दाची वाटते. माळ किंवा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उघडा दिसला की तो रिकामा आहे असं आपल्याला वाटतं. कासचं पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि ते तिथे झाडं नाहीत तरीही गेलं. जांभ्यावर बोटभर माती, पावसाळ्यातले काही आठवडे, तेवढ्यात उगवून फुलून बी टाकून मोकळ्या होणाऱ्या वनस्पती. तिथे सावली आली की त्या संपल्या. माळरानावर माळढोक, धाविक, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांनाही उघडं रानच लागतं. आणि गोळ्यांत सुबाभूळ, म्हणजे बाहेरून आलेलं आणि भराभर पसरणारं झाड, असेल तर मी फेकणाऱ्या शाळेला पत्रच लिहीन.

मुलांनी गोळे केलेच असतील तर त्यांतले 20 शाळेच्याच कोपऱ्यात ठेवायला सांगा. शेजारी तेच बी 20 ठिकाणी हाताने मातीत पेरायचं. महिनाभर रोज बघायचं. आम्ही केलं तेव्हा गोळ्यांतले तीन उगवले, त्यांतला एक बकरीने खाल्ला. मुंग्यांनी बाकीच्यांचं काय केलं ते मात्र मुलांनी पोटावर पडून पाहिलं. ती बैठक मला अजून आठवते.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. आमच्या वर्गाने फुलपाखरांची बाग केली. झेंडू आणि जास्वंद लावली. फुलपाखरं येतात पण लगेच जातात. ती राहत का नाहीत?

उत्तर : अरे, तू अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. तुम्ही मोठ्या फुलपाखरांच्या पिण्याची सोय केलीत, त्यांच्या पिल्लांच्या जेवणाची केली नाहीत. फुलपाखरू फुलातला मध पितं, पण अळी पानं खाते, आणि तीही कुठलीही नाही, तिची ठरलेली. म्हणून आई-फुलपाखरू पायांनी पान चाखून बघतं आणि मगच अंडं घालतं.

बागेत एक कढीपत्ता आणि एक लिंबू लाव. मग रोज सकाळी पानाच्या खालच्या बाजूला बघत जा. मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट अंडं दिसेल. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, खाणाऱ्याला किळस यावी म्हणून. नंतर ती हिरवी होते. तिला धक्का लागला तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच बघ, रोज छळू नकोस. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. आपलं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉर्मन म्हणजे नीलवंत, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवर येतं.

कुंपणाशी रुई असेल तर ती काढू देऊ नका. तिच्यावर केशरी, काळ्या कडांची फुलपाखरं वाढतात. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, हात धू. पानफुटी कुंडीत लावलीस तर तिच्या जाड पानाच्या आत बसून पान पोखरणारी अळीही दिसेल.

एक धोक्याची सूचना. कुरतडलेली पानं बघून कोणीतरी फवारणी करायला येईल. त्याला थांबवायचं काम तुमच्या वर्गाचं. एक पाटी लावा. (पाट्यांवरचा माझा राग एवढ्यापुरता मागे.)

प्रश्न : आमची शाळा तीन मजल्यांची इमारत आहे. मैदान नाही, माती नाही. पर्यावरणाचा उपक्रम म्हणजे भिंतीवरचं चित्र. काही सुचवाल?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : गच्ची आहे ना? मग पाऊस मोजा. सरळ बाजूंची, सपाट तळाची बरणी किंवा कापलेली बाटली आणि एक पट्टी. बाटलीचा तळ खोलगट असेल तर शून्याच्या खुणेपर्यंत आधी पाणी भरून घ्या. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही त्याच वेळी मोजा, म्हणजे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडता येईल. रविवारचा पाऊस सोमवारी मिळून येतो. तसं वहीत लिहा, दोन दिवसांत वाटून खोटं लिहू नका. आमच्या एका हुशार गटाने ते केलं होतं.

पुढचं गणित सातवीच्या मुलांना झेपतं. 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. छप्पर 200 चौरस मीटरचं असेल आणि 10 मिलिमीटर पडला तर 2000 लिटर. हे फळ्यावर लिहिल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून खिडकीशी गेला आणि पन्हळीचं पाणी गटारात पडताना बघत उभा राहिला. पावसाळा संपेपर्यंत रोज पाऊस मोजायला तोच वर यायचा.

पावसाळ्यानंतर नळ मोजा. गळक्या नळाखाली तासभर भांडं ठेवायचं, आलेलं पाणी गुणिले चोवीस. तो आकडा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा, म्हणजे तुमच्याच. पुढे दुरुस्ती कोणाच्या सहीने होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. पर्यावरणाच्या नावाखाली आठवड्याचे दोन तास जातात. याला किती गुण असतात?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये, वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवायला सांगितलं. म्हणजे तो शाळेने लावलेला छंद नाही. गुणांचं म्हणाल तर वहीत कितीही नोंदी केल्या तरी त्या गुणपत्रिकेत दिसणार नाहीत. पण त्या दोन तासांत ती काय करते हे तिला विचारा. घोषवाक्यं रंगवत असेल तर मी तुमच्या बाजूने आहे, मुख्याध्यापकांना जाऊन भेटा.

प्रश्न : गुलमोहर लावू का? लवकर वाढतो.

उत्तर : तो मादागास्करचा. आहे तो तोडू नका, नवा लावू नका. करंज, बहावा, कडुनिंब, ताम्हण. जागा मोठी असेल तर उंबर, त्याच्यावर वर्षभर कोणी ना कोणी जेवत असतं. ताम्हणाला पाणी जास्त लागतं, नळाजवळ लावा.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत रोपांना पाणी कोण घालणार? दरवर्षी इथेच घोडं अडतं.
— हरित सेनेचे एक शिक्षक

उत्तर : माझी 89 रोपं तर सुट्टी लागायच्या आधीच गेली. दुसऱ्या वर्षी शिकले ते सांगते. रोपापासून वीतभर अंतरावर एक मडकं गळ्यापर्यंत पुरा. साधं, भाजलेल्या मातीचं, रंग न लावलेलं. भरून तोंडावर झाकण ठेवायचं. पाणी झिरपत राहतं, चार-पाच दिवसांनी पुन्हा भरायचं. आळ्यात पालापाचोळा चांगला चार बोटं जाड. तो सफाईच्या नावाखाली कोणी जाळू नये म्हणून आधीच बोलून ठेवा.

पाळ्या लावताना हुशार मुलं निवडू नका, शाळेजवळ राहणारी निवडा. आमच्याकडे सगळ्यात खात्रीचा निघाला तो वर्गात कधीच गृहपाठ न आणणारा मुलगा. त्याचं घर कुंपणाला लागून होतं आणि बीजगोळ्यातलं रोप खाणारी ती बकरी त्याचीच होती. प्रत्येक पाळीला दोघं असावीत, एक गावाला गेला तर दुसरा.

आणि सुट्टीत फाटकाची आणि पाण्याच्या टाकीची किल्ली कोणाकडे असते ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा. आमची किल्ली एका वर्षी लिपिकांच्या खिशातून त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला गेली. दहा दिवस मुलं कुंपणावरून बादल्या देत होती.