४८ हजारांचा एआर की ३२ हजारांचा यामाहा? जुने स्पीकर घेताना बेरीज कुठे चुकते

प्रश्न : वय ३६, डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं. हातात पगार ५८,००० येतो, घरखर्च ३६,०००, एसआयपी १०,०००. एफडी २ लाख, बचत खात्यात ४५,०००. नाट्यसंगीत आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या रेकॉर्ड ऐकण्यासाठी जुने स्पीकर घ्यायचेत, बजेट ४०,०००. दोन जोड्या समोर आहेत : अकूस्टिक रिसर्च या अमेरिकन कंपनीचा एआर-३ए, ४८,००० ला (विकणारा म्हणतो, ‘फक्त फोम बदलायचा आहे’) आणि चालू स्थितीतला यामाहा एनएस-१०एम, ३२,००० ला. घरचा अ‍ॅम्प्लिफायर ३० वॅटचा, मागे ‘८ ते १६ ओहम’ लिहिलंय. एआरसाठी क्रेडिट कार्डावरून पैसे काढू का? या स्पीकरचे भाव वाढतच जातात, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना?

उत्तर : आधी पैशांचं बघू, ते सोपं आहे. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचा सहा महिन्यांचा घरखर्च २,१६,००० होतो. तुमच्याकडे एफडी आणि बचत मिळून २,४५,००० आहेत. म्हणजे आज मोकळे आहेत ते २९,०००. एसआयपीला हात न लावता दरमहा १२,००० मागे पडतात, त्यामुळे पुढच्या पगारानंतर ४१,००० मोकळे होतील. तुमचं बजेट अगदी बरोबर बसलंय. ते मोडायचं कारण नाही.

कार्डावरून रोख काढायचा विचार सोडा. रोखीवर साधारण अडीच टक्के शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, ४५ दिवसांची सवलत तिथे नसते. ४८,००० वर शुल्क १,२००, महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज १,६८० आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी ५१८. पहिल्याच महिन्यात सुमारे ३,४०० रुपये गेले, आणि मुद्दल जागच्या जागी. अगदीच अडलं तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. तिथे व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, इतकंच.

आता ‘फक्त फोम’. एआर-३ए हा १९६७ चा स्पीकर, बंद पेटीचा, वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) १२ इंची. वूफरच्या कडेची फोमची रिंग दमट हवेत कुजते. आधी चिकट होते, मग बोट लावलं की भुगा पडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे लवकर होतं. रिंग बदलता येते, पण बाजारातली कुठलीही १२ इंची चालत नाही. या वूफरचा फोम फार मऊ असावा लागतो. कडक लावला तर कोनचा (हलणाऱ्या शंकूचा) मूळ रेझोनन्स, म्हणजे तो आपसूक थरथरतो तो सूर, वर सरकतो आणि ज्या खालच्या सुरांसाठी हा स्पीकर घ्यायचा तेच जातात. शिवाय रिंग चिकटवताना कोन मधोमध राहिला नाही तर त्याच्या मागची तारेची कॉइल चुंबकाला घासते. म्हणून मेकॅनिकला आधीच विचारा, डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) काढून शिम (पातळ पट्ट्या) घालून सेंटर करतोस का? ‘अंदाजाने बसवतो’ असं उत्तर आलं तर वूफर त्याच्या हातात देऊ नका.

फोमवर काम संपत नाही. पाठीमागे मिड (मधल्या सुरांचा स्पीकर) आणि ट्वीटरचे (वरच्या सुरांचा) आवाज कमी-जास्त करायचे दोन पॉट, म्हणजे नॉब, असतात. ते आतून गंजतात, मग वरचे सूर येतात-जातात किंवा येतच नाहीत. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे सूर वेगवेगळ्या स्पीकरला वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आहेत, ते एवढ्या वर्षांत मूळ मापापासून सरकलेले असणार. मिड किंवा ट्वीटरच गेला असेल तर त्याच बनावटीचा नवा मिळत नाही, जुनाच शोधावा लागतो.

आणि सगळ्यात महागडी गोष्ट तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेली आहे. एआर-३ए ४ ओहमचा आहे (ओहमचा आकडा जितका कमी, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त) आणि वॅटही भरपूर खातो. किमान ८ ओहमच्या अ‍ॅम्पला तो जोडलात तर आवाज वाढवताच अ‍ॅम्प तापेल, फ्यूज किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर जाईल.

अंदाजे बेरीज : स्पीकर ४८,०००, वाहतूक ३,५०० (एक नग २४ किलोचा), फोम मजुरीसह ७,०००, पॉट आणि कंडेन्सर ६,०००, ४ ओहम झेपणारा जुना अ‍ॅम्प २५,०००. झाले ८९,५००. हा बजेटच्या दुपटीहून महाग सौदा आहे, फक्त तो हप्त्याहप्त्याने कळतो.

एनएस-१०एम वेगळ्या जातीचा. १९७८ मध्ये घरगुती बुकशेल्फ म्हणून आला, गाजला मात्र रेकॉर्डिंग स्टुडिओंत. ८ ओहम, ९० डीबी (म्हणजे कमी वॅटमध्येही पुरेसा मोठा वाजतो), एक नग ६ किलोचा, आणि कुजणारा फोम नाही. तुमच्या अ‍ॅम्पला चालेल. उणीव उघड आहे : बास बारीक आणि वरचे सूर जरा टोकदार. काही इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे ते उगीच नाही. गायकाचा आवाज आणि ऑर्गन स्वच्छ ऐकू येतील, पण तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा कमी वाटेल. भिंतीजवळ ठेवलात तर थोडा भरून येईल.

बघायला जाताना मल्टिमीटर आणि तुमच्या ओळखीची एक रेकॉर्ड किंवा फाइल न्या. मीटर टर्मिनलला लावल्यावर ६ ते ७ ओहमच्या आसपास दिसायला हवं. पण इथे फसायला होतं : ट्वीटरच्या वाटेत कंडेन्सर असल्यामुळे मीटरला फक्त वूफर दिसतो. ट्वीटर मेलेला असला तरी आकडा झकास येतो. आणि या मॉडेलमध्ये जळतो तो ट्वीटरच. म्हणून अ‍ॅम्प मोनोवर (दोन्ही बाजूंना एकच आवाज) टाका, बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवा आणि ट्वीटरपाशी कान नेऊन झांजांचा आवाज ताडून पाहा. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समान ठेवून हलकेच आत दाबा, खरखर आली तर कॉइल घासतेय. दोन्ही पांढऱ्या वूफरचा रंग सारखाच पिवळसर हवा. मूळ कोन सपाट कागद वळवून चिकटवलेला असतो, त्याचा जोड दिसतो. एकावर जोड आहे आणि दुसऱ्यावर नाही, तर एक बदललेला आहे.

लोगोही बघा. जुन्या एनएस-१०एमवर अक्षरं पेटी उभी धरून वाचायची, १९८७ च्या स्टुडिओ मॉडेलवर आडवी धरून. जुना २५ वॅट रेटिंगचा, स्टुडिओ ६० चा. जुना असेल तर आवाज फाटायला लागताच नॉब मागे घ्या. ट्वीटर जळतो तो बहुतेकदा दमलेल्या अ‍ॅम्पच्या फाटक्या सिग्नलने.

३२,००० सांगतोय, २८,००० पासून घासाघीस सुरू करा. ३०,००० च्या वर जाऊ नका. कंडेन्सरला २,०००, स्टँडला ३,०००, ट्वीटरसाठी राखीव ५,०००. वरच्या टोकालाही ४०,००० मध्ये बसतं.

गुंतवणुकीबद्दल : नाही. विकताना दलाल किंवा घासाघीस दोन-चार हजार खातेच, आणि कुठलंही व्याज मिळत नाही. स्वतःच्या वापरातली अशी वस्तू विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे खरं, पण त्यासाठी आधी नफा व्हावा लागतो. एनएस-१०एमला गिऱ्हाईक पटकन मिळतं, त्यामुळे पटलं नाही तर बाहेर पडणं सोपं. एआरमध्ये तुम्ही घातलेली मजुरी पुढचा गिऱ्हाईक पूर्ण देईलच असं नाही.

पगार होईपर्यंत विकणारा थांबत नसेल तर १,००० चं टोकन द्या, त्याहून जास्त नको. ‘दोन्ही ट्वीटर वाजले नाहीत तर टोकन परत’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. उरलेली रक्कम अर्धा तास वाजवून पाहिल्यावरच.