चेहऱ्याची कमाई, चपलांचे दालन आणि गोरेगावचे घर

मूळच्या कोल्हापूरच्या आणि आता गोरेगावला आईसोबत राहणाऱ्या ३३ वर्षांच्या एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. बारा वर्षे त्या मॉडेलिंग करत आहेत. गेल्या वर्षी खर्च वजा जाता २८ लाख रुपये मिळाले. मुदत ठेवींत ३८ लाख, म्युच्युअल फंडांत ४६ लाख आणि पीपीएफमध्ये ११ लाख आहेत. राहते घर दोघींच्या नावावर असून त्यावर कर्ज नाही. हाताने घडवलेल्या कोल्हापुरी चपलांचा उंची ब्रँड काढून काळा घोडा परिसरात दालन उघडावे, त्यासाठी स्वतःचे ६० लाख घालावेत आणि घर तारण ठेवून आणखी ६० लाख उचलावेत, असा त्यांचा बेत आहे. शिवाय परिचयातील एक व्यावसायिक निम्म्या भागीदारीच्या बदल्यात ४० लाख द्यायला तयार आहेत. मात्र या भगिनींचे नाव आणि छायाचित्र वापरण्याचा कायमचा हक्क त्या व्यावसायिकांना हवा आहे. हे करावे का, असा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचा व्यवसायाचा विचार मला मनापासून पटला. पण दालन या वर्षी घेऊ नका, घर तारण ठेवू नका, आणि भागीदारीच्या मसुद्यावर तो आहे त्या स्वरूपात सही करू नका. या तिन्हींची कारणे सांगतो.

तुम्ही एका जोडाची किंमत ₹९,००० धरली आहे, कारागिराला आणि चामड्यापोटी ₹२,६०० द्यायचे आहेत, आणि उरलेले ₹६,४०० नफा म्हणून मांडले आहेत. या आकड्यात पहिली चूक कराची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ₹२,५०० पर्यंतच्या पादत्राणांच्या जोडावर ५ टक्के आणि त्यापुढील जोडावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या ₹९,००० पैकी ₹१,३७३ सरकारचे आणि तुमच्या हाती ₹७,६२७ येतात. तुमचे कारागीर जीएसटीत नोंदलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बिलातून वजावटही मिळणार नाही. त्यातून कारागीर आणि चामड्याचे ₹२,६०० गेले. पेटी, कापडी पिशवी आणि कुरियरचे ₹४५०, छायाचित्रण आणि जाहिरातीचे ₹१,२०० धरा. माप न बसल्याने परत येणाऱ्या जोडांसाठी आणखी ₹६०० धरायलाच हवेत, कारण कोल्हापुरी पायताण पायावर रुळायला वेळ लागतो आणि नव्या ग्राहकाला ते आधी घट्टच वाटते. एवढे सगळे वजा केल्यावर जोडामागे ₹२,७७७ उरतात.

आता दालनाकडे या. तुम्ही दिलेले भाडे, दोघांचे पगार आणि वीज मिळून महिन्याला साडेतीन लाख होतात; भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, ज्याची वजावट मिळेल, पण तो आधी खिशातून द्यावा लागेल. केवळ हा खर्च भागवायला महिन्याला १२७ जोड विकले गेले पाहिजेत. ६० लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ₹७९,३०० येतो आणि आकडा १५५ वर जातो. त्यावर तुमचा घरखर्च, जो तुम्ही ₹१,२०,००० लिहिला आहे, तो धरला की १९८. म्हणजे रोज सहा ते सात जोड, आणि तेही बाराही महिने. जून ते सप्टेंबर हे कोल्हापुरी चपलेचे महिने नव्हेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसात लोक ती घालत नाहीत आणि चामडेही नीट वाळत नाही. भाडे आणि हप्ता मात्र श्रावणातही तेवढाच.

दालन नसेल तर? लहानशी खोली, एक मदतनीस आणि ऑनलाइन व आगाऊ मागणीवर विक्री, असा महिन्याचा ₹७०,००० चा खर्च धरला, तर २६ जोडांत तो भागतो. हा आकडा तुमच्या आवाक्यातला आहे.

साठ्याचाही विचार करा. पाच नमुने, दोन रंग आणि सहा मापे म्हटली की साठ प्रकार झाले, आणि प्रत्येकाचे फक्त चार जोड ठेवले तरी ₹६,२४,००० फडताळात अडकतात. म्हणून पहिल्या वर्षी दोनच नमुने ठेवा आणि मागणी आल्यावर घडवून तीन आठवड्यांत देण्याचे वचन द्या. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत मी एकदा एका कारागिराला काम करताना बराच वेळ पाहत उभा होतो. त्यांनी रापीने तळाची कड तासली, बोट फिरवून पाहिले, पुन्हा तासली आणि मगच आरीने भोक पाडून चामड्याच्याच वादीने शिवण घातली. खिळा कुठे नाही. असा जोड वाट पाहून घेणारा ग्राहक नक्की असतो, आणि तोच खरा उंची ग्राहक. कारागिराला मात्र वाट पाहायला लावू नका: अर्धी रक्कम मागणीबरोबर, अर्धी माल घेताना. एजन्सीकडून पैसे तीन-तीन महिने अडकतात ही तुमची स्वतःचीच तक्रार आहे.

आता नावाविषयी, कारण माझ्या मते तुमच्या मालमत्तेत घराखालोखाल मोलाची गोष्ट तीच आहे. अमेरिकेतील मॉडेल कॅथी आयर्लंड यांनी १९९३ मध्ये मोज्यांपासून सुरुवात केली आणि पुढे घरगुती वस्तूंपर्यंत मोठा व्यवसाय उभा केला. त्यात माल बनवणारे बहुतांशी दुसरे, नाव परवान्यावर दिलेले, आणि नावाची मालकी स्वतःच्या कंपनीकडे. ऑस्ट्रेलियाच्या मॉडेल एल मॅकफर्सन यांचे नाव न्यूझीलंडच्या बेंडन कंपनीच्या अंतर्वस्त्रांवर सुमारे पंचवीस वर्षे होते; तो करार संपल्यावर २०१५ पासून कंपनीने ते काम हायडी क्लुम या दुसऱ्या मॉडेलच्या नावाने पुढे नेले. तिथे कराराला शेवट होता, म्हणून मॅकफर्सन आपले नाव घेऊन बाहेर पडू शकल्या. तुमच्या मसुद्यात शेवटच नाही. उद्या भागीदारी मोडली तरी तुमचा चेहरा त्यांच्या चपलांवर राहील, आणि मॉडेल म्हणून दुसऱ्या पादत्राण कंपनीचे काम घेणेही अवघड होईल. हक्क द्यायचाच असेल तर तीन वर्षांसाठी, फक्त पादत्राणांपुरता, आणि तुम्ही बाहेर पडताच संपणारा असा द्या.

ब्रँडचे नाव ट्रेडमार्क म्हणून कंपनीच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या नावे नोंदवा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गाला ₹४,५०० शुल्क आहे. पादत्राणांचा वर्ग २५ आणि चामड्याच्या पिशव्यांचा १८, म्हणजे ₹९,००० मध्ये दोन्ही अर्ज होतात. ‘कोल्हापुरी’ हा शब्द मात्र तुम्हाला आपला करता येणार नाही. २०१९ च्या भौगोलिक मानांकनानुसार तो महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील कारागिरांचा आहे. तुमचे कारागीर अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले आहेत का ते आधी पाहा, नसल्यास त्यांची नोंदणी करून घ्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या आणि सुरुवातीला मूळ कलेचा उल्लेखही केला नाही, तेव्हा इथून केवढा आवाज उठला हे आपण सर्वांनी पाहिले. तुमच्या पेटीवर कारागिराचे नाव आणि गाव असावे असे मला वाटते. हा उल्लेख तुमच्या किमतीचा आधारही आहे.

एक गोष्ट या आठवड्यातच करा. सध्या चालू असलेल्या जाहिरातींचे करार काढून त्यातील अनन्यतेचे, म्हणजे मुदतीत स्पर्धक ब्रँडचे काम न करण्याचे, कलम वाचा. कपडे किंवा पादत्राणांच्या एखाद्या ब्रँडशी मुदत शिल्लक असेल, तर स्वतःची चप्पल विकणे हा करारभंग ठरू शकतो.

पैशांची मांडणी मी अशी करेन. ठेवींतील २२ लाख, म्हणजे सुमारे अठरा महिन्यांचा घरखर्च, वेगळे काढा आणि त्यांना व्यवसायासाठी हात लावू नका. पीपीएफ आणि फंड आहेत तसेच राहू द्या. ठेवींतील उरलेले १६ लाख आणि या वर्षीच्या मॉडेलिंगच्या कमाईतून ४ लाख, असे २० लाख ही पहिल्या दीड वर्षाची मर्यादा ठेवा. ते संपले तर तिथे थांबायचे. मॉडेलिंग इतक्यात सोडू नका. त्या कमाईवर व्याज नाही आणि ती कोणाला हिस्सा मागत नाही.

सुरुवात एकल मालकीने करा. पहिल्या वर्षी चपलांत तोटा झाला तर तो तुमच्या मॉडेलिंगच्या व्यावसायिक उत्पन्नातून त्याच वर्षी वजा करता येतो. खासगी मर्यादित कंपनी काढली तर तो तोटा कंपनीतच राहतो. एकल मालकीत वैयक्तिक जबाबदारी अमर्याद असते हे खरे, पण कर्ज नाही, भाडेकरार नाही, उधारीचा माल नाही, तर जबाबदारी येणार कुठून? बाहेरचे भांडवल घ्यायची वेळ आली की कंपनी काढा आणि ब्रँडचे नाव तिला परवान्यावर द्या. जीएसटी नोंदणी पहिल्या दिवसापासून लागेल. आईचा आणि तुमचा आरोग्य विमा पत्रात कुठे दिसला नाही. तो आधी घ्या.

सलग दोन हिवाळ्यांत महिन्याला साठ जोडांच्या वर विक्री गेली, तर दालनाचा विषय पुन्हा काढू, आणि तेव्हाही आधी महिनाभरासाठी एखादी जागा घेऊन पाहू.

घर दोघींच्या नावावर असल्याने बँक तुमच्याबरोबर आईचीही सही घेईल आणि कर्जाला त्याही तितक्याच बांधल्या जातील. पत्रात तुम्ही लिहिले आहे की आईला अजून काही सांगितलेले नाही. कर्जाचा अर्ज बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळी त्यांना २६ जोडांचा हिशेब दाखवा.