रंग नंतर बघा, आधी गाडीखाली शिरा

जुनी क्लासिक गाडी विकत घेताना लक्षात ठेवा, जाहिरातीतला किमतीचा आकडा ही फक्त विकणाऱ्याची इच्छा असते. लिलावात त्याच मॉडेलच्या, तशाच अवस्थेतल्या गाड्या प्रत्यक्ष कितीला गेल्या ते काढा. मग गाडीखाली आडवे व्हा. इंजिन दुरुस्त होतं, क्रोम नव्याने चढतं. गंजलेली चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मात्र खिसा रिकामा करते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. चिकटत नसेल तिथे रंगाखाली पुट्टी असण्याची दाट शक्यता. (ॲल्युमिनियमच्या बॉडीवर ते कुठेच चिकटत नाही, माझं असं हसं झालंय!) इंजिन आणि चॅसीचे नंबर कागदांशी जुळवा. मूळ इंजिन नसेल तर भाव चांगलाच उतरतो. विकणाऱ्याचं ‘एवढा खर्च केलाय’ हे ऐकून घ्या, किमतीत धरू नका. कागद अपुरे असतील तर तिथूनच मागे फिरा.