'देवाचं बोलावणं' आलं म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न असा आला आहे: 'माझी मावशी निवृत्त झाल्यापासून रोज सरकारी रुग्णालयात जाते. ज्यांचं कुणी नाही अशा रुग्णांना जेवू घालते, त्यांची पत्रं लिहून देते. का, असं विचारलं तर म्हणते, "मला देवाचं बोलावणं आलं." घरातले हे ऐकून दचकतात. तिचा शब्द चुकला का? "पाचारण" म्हणायला हवं होतं का?'

घरातल्यांचं दचकणं रास्तच आहे. 'वरून बोलावणं आलं' म्हणजे माणूस गेला, हे मराठीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गंमत अशी, की नुसतं 'देवाचं बोलावणं' म्हटलं तर काळजात धस्स होतं, पण ठिकाण जोडलं की तोच शब्द निर्धास्त होतो. 'यंदा पंढरीचं बोलावणं आलं', 'आईचं बोलावणं असल्याशिवाय तुळजापूरला जाणं होत नाही' ही वाक्यं एसटीच्या रांगेत सहज कानावर पडतात. तिथलं बोलावणं दर्शनाचं असतं. भेट झाली, प्रसाद घेतला, परत घरी. मावशीचं बोलावणं कामाचं आहे, म्हणून ते या साच्यात नीट बसत नाही.

बोलावण्याला एक जुना, फार गोड शब्द होता: मूळ. सासरी गेलेल्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस येई, ते मूळ. त्या माणसाला मुराळी म्हणत. 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली' असं तुकोबा म्हणतात तेव्हा पंढरी माहेर होते आणि भक्त सासुरवाशीण. आज 'मूळ' म्हटलं की झाडाचं नाहीतर नक्षत्राचं आठवतं, त्यामुळे मावशीला तो शब्द सुचवण्यात अर्थ नाही.

आता 'पाचारण'. वर्तमानपत्रांत हा शब्द बहुधा अग्निशमन दलासाठी राखीव असतो. 'आग आटोक्यात आणण्यासाठी दलाला पाचारण करण्यात आले.' मराठी ख्रिस्ती समाजात मात्र तो रोजच्या वापरातला, जिव्हाळ्याचा शब्द आहे. वसईकडे एखाद्या तरुणाला धर्मगुरू किंवा व्रतस्थ व्हावंसं वाटलं की त्याला पाचारण झालं असं म्हणतात. पण तो शब्द फक्त झगा घालणाऱ्यांचा आहे असं समजू नका. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात संत पौल सांगतो, की तुमचं पाचारण आठवा, तुमच्यात जगाच्या लेखी ज्ञानी, बलवान, कुलीन असे फारसे नव्हते. 1964 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही पावित्र्याचं पाचारण सगळ्यांनाच आहे, प्रापंचिकांनाही, असं स्पष्ट म्हटलं. वसईचे गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हतेच. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि 1862 मध्ये संत ठरले. तेव्हा मावशी ख्रिस्ती असेल तर 'पाचारण' अगदी चपखल. नसेल तर तिच्या तोंडी तो परका वाटेल, आणि शेजारी विचारतील, 'आग कुठे लागली?'

'कौल' नको. कौल माणूस लावतो, देव उत्तर देतो. इथे मावशीनं काही विचारलेलंच नव्हतं. 'संचार', म्हणजे अंगात येणं, तर नकोच, तो उतरतो आणि ही बाई रोज न चुकता रुग्णालयात जाते. 'आतला आवाज' चालला असता, पण 1969 च्या राष्ट्रपती निवडणुकीत इंदिरा गांधींनी अंतरात्म्याच्या आवाजाला स्मरून मत द्यायला सांगितलं, तेव्हापासून त्याला राजकारणाचा वास लागला तो लागलाच.

माझ्या मते मावशीला हवी असलेली छटा मराठीत आहे, फक्त ती नामात शोधू नये, क्रियापदात शोधावी. दुष्काळात दिवाळं निघालेला देहूचा एक कुणबी, वाण्याचा धंदा करणारा. त्याच्या स्वप्नात पांडुरंगाला घेऊन नामदेव येतात. त्या प्रसंगाचं तुकोबांचं वर्णन असं: 'सांगितलें काम करावें कवित्व.' निवडलं, गौरवलं, असा एकही शब्द नाही. काम सांगितलं! घरातला वडीलधारा 'जरा दळण घेऊन ये' म्हणतो, त्याच सुरातलं क्रियापद. पुढे तेच स्वतःला धन्याचा माल वाहणारा हमाल म्हणतात.

वारकरीही 'मी वारी केली' असं सहसा म्हणत नाही. 'वारी घडली' म्हणतो, किंवा 'त्यानं करवून घेतली'. कर्तेपण देवाकडे सरकवायची ही व्याकरणाची सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याकडे लक्ष जात नाही. शिवाय 'मला देवानं बोलावलं' यात 'मला'वर जो किंचित जोर येतो, तो 'करवून घेतो'मध्ये येत नाही. साध्या माणसाला तो जोर नकोच असतो.

म्हणून मावशीचा शब्द चुकला असं मी म्हणणार नाही. दचका टाळायचा असेल तर तिनं 'देवानं हे काम सांगितलंय' म्हणावं. ते तिला फार मोठं वाटलं, तर 'तो करवून घेतोय' म्हणावं. आणि ती 'बोलावणं'च म्हणत राहिली, तर घरातल्यांनी 'कुठलं?' एवढंच विचारावं. 'रुग्णालयाचं' असं उत्तर मात्र तिनं देऊ नये, नाहीतर पुन्हा सगळे दचकतील.